औषधाचा स्वभाव आणि जनुकांची साक्ष

बॅरिसिटिनिब ही ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवातावरची गोळी. युरोपात तिला २०१७ साली मान्यता मिळाली. कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू याच गोळीने कमी होतात, असे ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने मार्च २०२२ मध्ये जाहीर केले. मधल्या काळात गोळीत काहीच बदलले नव्हते. रेणू तोच, त्याची शरीरातली करणी तीच. तरी कालपर्यंत सांध्यांचे असलेले औषध विषाणूजन्य आजाराचेही झाले. या घटनेच्या पोटात दोन जुने तात्त्विक प्रश्न आहेत. एखादे द्रव्य अमुक रोगाचे औषध असणे हा त्या द्रव्याचा गुण, की त्याच्या वापराचा? आणि ते गुणकारी आहे हे कळले, असे नेमके केव्हा म्हणायचे? पहिला प्रश्न पदार्थाच्या स्वभावाचा, दुसरा प्रमाणांचा. माणसाचा जनुकसंच वाचून जुन्या औषधांना नवे काम शोधण्याची पद्धत रूढ होऊ लागली, तसे हे दोन्ही प्रश्न प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले आहेत.

पहिल्या प्रश्नावर भारतीय परंपरेने फारसा घोळ घातलेला नाही. विनयपिटकातल्या महावग्गात जीवकाची कथा येते. तक्षशिलेत सात वर्षे विद्या घेतल्यावर गुरूने त्याला सांगितले की, योजनभर परिसर हिंडून जे औषधी नाही असे काहीही दिसेल ते घेऊन ये. जीवक रिकाम्या हातांनी परतला आणि परीक्षेत उतरला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हाच विचार शास्त्राच्या भाषेत येतो: जगात औषध नाही असे द्रव्यच नाही, पण ते औषध ठरते ते योजनेमुळे आणि प्रयोजनामुळे. या विधानाचा पूर्वार्ध आजकाल जाहिरातींतही भेटतो. उत्तरार्ध बहुधा गाळला जातो, आणि मर्म तर उत्तरार्धात आहे. औषधपण द्रव्याच्या अंगात चिकटलेले नसते. द्रव्य, रोगी, मात्रा आणि वेळ यांच्या संबंधात ते असते.

आधुनिक औषधशास्त्राचा इतिहास या मताच्या बाजूने साक्ष देतो. झिडोव्हुडिन हे द्रव्य जेरोम हॉरविट्झ यांनी १९६४ साली कर्करोगासाठी तयार केले. त्याचा काही उपयोग दिसला नाही म्हणून ते बाजूला पडले आणि १९८७ साली एचआयव्हीवरचे पहिले मान्यताप्राप्त औषध म्हणून परत आले. थॅलिडोमाइडने गर्भातल्या हजारो बाळांचे हातपाय खुडले; तेच औषध कुष्ठरोगातल्या एका वेदनादायक प्रतिक्रियेवर आणि पुढे अस्थिमज्जेच्या कर्करोगावर उपयोगी ठरले. अशा बहुतेक गोष्टी योगायोगाने हाती लागल्या. साथीच्या काळात मात्र योगायोगाची वाट पाहत बसता येत नाही. नवा रेणू बाजारात यायला दहा-दहा वर्षे लागतात, तर जुन्या औषधाचे धोके आधीच ठाऊक असतात आणि ते दुकानात हजर असते. म्हणून हजारो उपलब्ध औषधांतून नेमके कोणते उचलायचे, हा ज्ञानाचा प्रश्न होतो.

चरकाच्या विमानस्थानात साथीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. गंगाकाठच्या कांपिल्य नगराजवळ आत्रेय पुनर्वसू शिष्यांसह हिंडत असतात आणि अग्निवेश विचारतो: माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळे, वय वेगळे, मग एकाच वेळी एकाच रोगाने सारा जनपद कसा उद्ध्वस्त होतो? गुरूचे उत्तर असे की वायू, जल, देश आणि काल ही चार सर्वांना सामाईक असतात. ती बिघडली की भेद उरत नाहीत. अग्निवेशाला कोडे पडले होते ते सारखेपणाचे.

आजच्या जनुकवैज्ञानिकाला पडलेले कोडे याच्या बरोबर उलटे आहे. विषाणू एकच, घर एकच, ताटातले अन्न एकच. मग एक भाऊ दोन दिवस कणकणून उठतो आणि दुसरा व्हेंटिलेटरवर जातो, हे कसे? वय, मधुमेह, स्थूलपणा यांनी बरेचसे उत्तर मिळते, पण सगळे नाही. उरलेल्या फरकातला काही भाग जन्मतः मिळालेल्या जनुकांत असणार, हे गृहीत धरून एडिनबर्गचे अतिदक्षता-तज्ज्ञ केनेथ बेली यांनी ‘जेनॉमिक’ हा अभ्यास कोविड येण्याआधीच उभा केला होता. इन्फ्लुएन्झासारख्या आजारांनी अत्यवस्थ झालेल्यांचे रक्तनमुने त्यात गोळा होत होते. २०२० साली तोच सांगाडा कोविडसाठी वापरला गेला. ब्रिटनमधल्या २०८ अतिदक्षता विभागांतल्या २,२४४ रुग्णांचा अभ्यास त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘नेचर’मध्ये आला.

पद्धत सांगायला सोपी आहे. अत्यवस्थ रुग्ण आणि सर्वसामान्य लोक यांच्या डीएनएमधल्या लाखो जागा एकेक करून ताडून पाहायच्या. एखादे अक्षर रुग्णांत वारंवार आढळले तर त्या जागेच्या आसपास काहीतरी आहे असे समजायचे. अशा काही मोजक्या जागा सापडल्या. बाराव्या गुणसूत्रावर ओएएस जनुकांचा पुंजका होता. विषाणूचा आरएनए पेशीत शिरल्याची वर्दी मिळताच त्याचे तुकडे करवण्याचे काम तो करतो. एकोणिसाव्यावर टीवायके२ होते. दाहाचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या प्रथिनांपैकी ते एक. एकविसाव्यावर आयएफएनएआर२ होते. शरीर स्वतः बनवते त्या इंटरफेरॉन या विषाणूरोधक द्रव्याला पेशीवर जागा देणारे ग्राहक प्रथिन त्यातून बनते. ज्यांच्यात टीवायके२ अधिक कार्यरत, त्यांना धोका अधिक. ज्यांच्यात आयएफएनएआर२ कमी, त्यांनाही धोका अधिक. यातून औषधाची दिशा दिसते. टीवायके२ आणि त्याच्या कुळातली जॅक प्रथिने दाबणारी औषधे संधिवातासाठी बाजारात होतीच, बॅरिसिटिनिब त्यांतलेच. इंटरफेरॉनही टोचता येण्याजोगे औषध म्हणून उपलब्ध होते.

इथे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा तार्किक, थांबवून विचारील: सोबत आढळले म्हणून ते कारण कसे? अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाच्या परंपरेत कारणाची व्याख्या काटेकोर आहे. कारण कार्याच्या आधी नियमाने असले पाहिजे, आणि ते अन्यथासिद्ध, म्हणजे कार्यासाठी अनावश्यक, नसले पाहिजे. घट घडण्याआधी माती वाहून आणणारे गाढवही तिथे होते. पण गाढवावाचून घट घडू शकतो, म्हणून गाढव कारण नव्हे. कुंभाराचा बाप घटाच्या आधी नियमाने असतोच, तरी त्यालाही कारण म्हणत नाहीत. अनुमानातही असाच सापळा असतो. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान चुकते, कारण मधे ओले सरपण हवे असते. तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. साथरोगशास्त्रातल्या निम्म्याहून अधिक चुका म्हणजे न दिसलेल्या उपाधी होत, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची कथा याचा धडधडीत दाखला आहे. मार्च २०२० मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरातून एक छोटा अभ्यास आला आणि मलेरियाची ही जुनी गोळी जगभर गाजली. औषध दिलेल्या २६ जणांपैकी सहा जण हिशेबातून वगळले होते: तिघे अतिदक्षता विभागात गेले, एक दगावला, एक रुग्णालय सोडून गेला, एकाला मळमळ झाली. उरलेल्या वीस जणांत औषध छान लागू पडलेले दिसले, यात नवल ते काय? हा लेख डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. प्रयोगशाळेतही फसवणूक होती. माकडाच्या मूत्रपिंडातून काढलेल्या व्हेरो पेशींत ही गोळी विषाणूला रोखत होती. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत तो दुसऱ्या वाटेने शिरतो, तिथे ती निष्प्रभ ठरली. पुढे २०२१ साली ‘सायन्स’मधल्या एका शोधनिबंधाने दाखवले की, पेशीसंवर्धनात विषाणूविरोधी वाटलेली कितीतरी औषधे मुळात पेशीत स्निग्ध द्रव्ये साचवून तिला बिघडवत होती, आणि बिघडलेल्या पेशीत विषाणू वाढत नव्हता एवढेच. हेत्वाभासाचे याहून चोख उदाहरण तर्काच्या पुस्तकातही मिळायचे नाही. शेवटी रिकव्हरी चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतलेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के दगावले, न घेतलेल्या ३,१५५ पैकी २५ टक्के.

जनुकीय पुराव्याचे वैशिष्ट्य असे की उपाधीचा धोका त्यात बराच कमी असतो. डच संशोधक मार्टिन काटान यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या छोट्या पत्रात ही कल्पना मांडली. त्या काळी कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांना कर्करोग जास्त होतो असे दिसत होते. कमी कोलेस्टेरॉल हे कारण, की लपलेल्या कर्करोगानेच कोलेस्टेरॉल उतरवले? काटान यांचे म्हणणे असे: ज्यांच्यात जन्मापासूनच्या जनुकामुळे कोलेस्टेरॉल कमी आहे त्यांना पाहा. गर्भधारणेच्या वेळी आईबापांच्या प्रत्येक जनुकजोडीतली एकेक प्रत चिठ्ठी टाकल्यासारखी उचलली जाते. त्या चिठ्ठीवर पुढच्या आयुष्यातल्या खाण्यापिण्याचा, पगाराचा, डॉक्टरच्या आवडीनिवडीचा परिणाम होत नाही, आणि रोग उलट जाऊन जनुक बदलू शकत नाही. आज या पद्धतीला ‘मेंडेलियन रँडमायझेशन’ म्हणतात. निसर्गाने जन्माच्या वेळीच एक औषधचाचणी सुरू करून ठेवलेली असते आणि संशोधक तिचा निकाल फक्त वाचतो, असा तिचा दावा. जनुकीय आधार असलेल्या लक्ष्यांवर काम करणारी औषधे मान्यतेपर्यंत पोहोचण्याची शक्यता दुपटीच्या आसपास असते, असा अंदाज २०१५ साली निघाला. पुढच्या मोजणीत तो आकडा थोडा वरच सरकला.

तरीही हे अनुमानच आहे, आणि त्याची परीक्षा कोविडनेच घेतली. टीवायके२ आणि आयएफएनएआर२ या दोन जागांनी दोन औषधांकडे बोट दाखवले होते. साक्षीदार एक, साक्ष एकाच प्रतीची. निकाल मात्र भिन्न लागले. इंटरफेरॉनची चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ उपक्रमात झाली: इंटरफेरॉन मिळालेल्या २,०५० पैकी २४३ रुग्ण मृत्यू पावले, न मिळालेल्या तितक्याच रुग्णांपैकी २१६. फायदा शून्य. बॅरिसिटिनिबच्या रिकव्हरी चाचणीत ८,१५६ रुग्ण होते. बहुतेकांना स्टेरॉइड आधीच चालू होते, तरी त्यावर ही गोळी दिलेल्यांत २८ दिवसांत १२ टक्के मृत्यू झाले आणि न दिलेल्यांत १४ टक्के.

एक साक्ष खरी ठरली आणि दुसरी का फसली? जनुक जन्मभर काम करते. औषध रुग्णालयात आल्यावर मिळते. ज्याच्या पेशींवर इंटरफेरॉनची ग्राहक प्रथिने जास्त आहेत, त्याचा बचाव विषाणू शिरल्या क्षणापासून चालू होतो. आठव्या-दहाव्या दिवशी, दाह भडकल्यावर, बाहेरून टोचलेले इंटरफेरॉन तेच काम करील अशी खात्री कोणी दिली होती? दाह दाबणाऱ्या गोळीची गोष्ट वेगळी: तिचा प्रसंग उशिराचाच असतो, म्हणून तिला उशिरा दिल्याने नुकसान झाले नाही. ब्राझीलमध्ये प्रामुख्याने झालेल्या एका चाचणीत लॅम्डा प्रकारचे इंटरफेरॉन लक्षणे दिसू लागल्यापासून आठवडाभरातच एकदा टोचले, तेव्हा रुग्णालयात भरती होण्याचे आणि तत्सम प्रसंग ५.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. हा प्रकार दुसऱ्या ग्राहकावर काम करतो, तेव्हा त्याने टोचणीच्या वेळेचा मुद्दा सिद्ध होतो असे नाही, पण त्याला बळ मिळते.

चरकाने प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तोपदेश यांच्या जोडीला ‘युक्ती’ हे चौथे प्रमाण मानले. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू यांच्या संयोगातून पीक येते. अनेक कारणांचा असा संयोग पाहणारी बुद्धी ती युक्ती. इतर दर्शने तिला अनुमानातच ढकलतात आणि तर्कदृष्ट्या ती बरोबरही असतील. पण वैद्याला तिचे वेगळे नाव का हवे होते, हे इंटरफेरॉनच्या प्रकरणावरून उमगते. जनुकीय पुरावा संयोगातले एक कारण ओळखून देतो. ऋतू सांगत नाही. चरकात जिनोम शोधण्याचा उद्योग हास्यास्पदच ठरेल. चरकाला पेशी ठाऊक नव्हती, विषाणूही नव्हता. प्रमाणांची विभागणी मात्र विषय बदलला तरी कामाला येते.

आणखी एक गुंता ज्ञानाच्या व्याख्येचा आहे. फेब्रुवारी २०२० च्या पहिल्याच आठवड्यात, जनुकीय पुरावा येण्याआधी, लंडनच्या बेनेव्होलंटएआय या कंपनीच्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने बॅरिसिटिनिबचे नाव ‘लॅन्सेट’मधून सुचवले होते. त्यांचा मुख्य युक्तिवाद असा होता की हे औषध एएके१ हे प्रथिन दाबून विषाणूचा पेशीतला शिरकाव रोखील. दाह कमी होईल हा जोडीचा मुद्दा. औषध लागू पडले, पण आज त्याचे श्रेय प्रामुख्याने दाहशमनालाच दिले जाते. मग फेब्रुवारीत जे होते ते ज्ञान होते काय? धुक्याला धूर समजून कोणी डोंगरावर अग्नी असल्याचे म्हणावे आणि तिथे खरोखरच अग्नी असावा, हा पेच बौद्ध तार्किकांनी आणि नैयायिकांनी शतकानुशतके चघळला आहे. निष्कर्ष खरा असणे पुरेसे नाही, तो खऱ्या हेतूतून आलेला असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह वैद्यकाला मात्र पुरता झेपत नाही. सुश्रुताचे मत इथे ध्यानात घेण्याजोगे आहे: ज्या औषधांचे परिणाम प्रत्यक्ष दिसतात त्यांच्यावर तर्क चालवत बसू नये, कारण हजार युक्तिवाद केले तरी स्तंभक औषध रेचक होत नाही. हे विधान अंधश्रद्धेकडे झुकते असे प्रथम वाटते. वास्तविक ते तर्काची मर्यादा दाखवते. रुग्णाच्या बाबतीत शेवटचा शब्द कार्याचा, कारणमीमांसेचा नव्हे. आणि या मुद्द्यावर सुश्रुताचे पारडे जड आहे.

कार्य दिसते हे तरी कसे ठरवायचे? एकेक रुग्ण बरा होताना पाहणारा वैद्य सहज फसतो, कारण कोविडचे बहुसंख्य रुग्ण औषध न देताही बरे होत होते. म्हणून पुन्हा चिठ्ठी. ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी मार्च २०२० मध्ये सुरू केलेल्या रिकव्हरी चाचणीत कोणाला कोणते औषध मिळणार हे संगणक ठरवी. इथे धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा प्रश्न येतो. समोर माणूस गुदमरत असताना त्याचे औषध नशिबावर सोपवणे ही निर्दयता नाही काय?

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या क्षयरोग-चाचणीत ब्रिटिश संशोधकांना हा प्रश्न विशेष टोचला नाही. औषधच इतके थोडे होते की सगळ्यांना देणे शक्य नव्हते, आणि चिठ्ठी हाच सर्वांत न्याय्य वाटा होता. भरपूर आणि स्वस्त असलेल्या जुन्या औषधांच्या बाबतीत हे समर्थन चालत नाही. तिथले उत्तर वेगळे आहे: औषध तारक की मारक हे जोवर वैद्याला प्रामाणिकपणे ठाऊक नाही, तोवर ‘देणे’ ही करुणा आणि ‘न देणे’ ही उपेक्षा असे समीकरणच मांडता येत नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ते दाखवून दिले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात मात्र मृत्यू १४ ऐवजी १७.८ टक्के झाले. हा दुसरा फरक योगायोगाचाही असू शकेल, पण फायद्याची खूण तिथे नव्हती एवढे नक्की. औषध तेच, विषाणू तोच. रुग्णाची अवस्था बदलली की तारकाचे मारक होण्याची शंका. भारतात २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरच्या घरी, सौम्य आजारातही स्टेरॉइड सुरू करण्याचे प्रकार सर्रास झाले. अनियंत्रित मधुमेहाच्या जोडीने म्युकरमायकोसिसची जी लाट आली आणि महाराष्ट्रात अनेकांचे डोळे व जबडे घेऊन गेली, तिच्या कारणांत या स्टेरॉइडचा वाटा मानला जातो.

त्याच लाटेत, मे २०२१ मध्ये, गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याचे जाहीर केले. या जंतनाशकाच्या बाजूने होता तो मुख्यतः पेशींवरचा प्रयोग, आणि त्यात वापरलेली मात्रा नेहमीच्या डोसाने माणसाच्या रक्तात पोहोचणाऱ्या पातळीच्या कितीतरी पट होती. पुढच्या मोठ्या चाचण्यांत फायदा आढळला नाही. संकटात काहीतरी करण्याची ओढ समजण्यासारखी आहे. शासनाला हात बांधून बसणे परवडत नाही, हेही खरे. पण सर्वांना एकदम औषध दिले की तुलना करायला कोणी उरत नाही, आणि ते लागू पडले की नाही हे कळण्याची वाटच बंद होते. करुणेच्या नावाने घेतलेला निर्णय पुढच्या रुग्णाकडून ज्ञान हिरावून घेतो, ही त्यातली खरी नैतिक अडचण.

चरकाच्या साथीवरच्या त्या अध्यायात पुढे साथीचे मूळ अधर्मात आणि प्रज्ञापराधात, म्हणजे बुद्धीच्या चुकीत, सांगितले आहे, आणि तिथून चर्चा दैव व पुरुषकार यांच्याकडे वळते. पूर्वदेहात केलेले ते दैव, या देहात करतो तो पुरुषकार. दोन्हींच्या बलाबलावर आयुष्य ठरते. आयुष्य आधीच नेमलेले असते तर कोणी औषध घेतलेच नसते, असा आत्रेयांचा रोखठोक युक्तिवाद आहे. जनुकीय धोक्याच्या भाषेत आज हाच वाद नव्या वेषात परत येतो. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक पट्टा तीव्र कोविडचा धोका वाढवतो. ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी २०२० साली दाखवले की, हा पट्टा निअँडर्थल मानवाकडून आला आहे. तो दक्षिण आशियातल्या जवळपास निम्म्या लोकांत, तर युरोपातल्या सुमारे १६ टक्क्यांत आढळतो. कित्येक सहस्र वर्षांपूर्वीच्या एका मीलनाचे फळ पुण्याच्या किंवा ढाक्याच्या अतिदक्षता विभागात कोणी भोगावे, याहून ‘प्राक्तन’ शब्दाला चपखल बसणारे काय असेल?

साम्य इथेच संपते. कर्मसिद्धान्तात फळ कर्त्याला मिळते, म्हणून त्यात न्यायाचा दावा असतो. या पट्ट्यात कसलाही न्याय नाही आणि दोषही नाही. आजाराला पापाची शिक्षा मानणाऱ्या वृत्तीला जनुकशास्त्र यापरता मोठा धक्का देऊ शकत नाही. दुसरीकडे त्याच शास्त्रातून नवा दैववाद उगवू शकतो, आणि तोही तितकाच चुकीचा ठरेल. हा पट्टा धोका साधारण दुप्पट करतो. उतारवय त्याच्या कित्येक पट करते. शिवाय कोणतेही जनुक सर्वकाळ शुभ किंवा अशुभ नसते. हाच पट्टा बाळगणाऱ्यांना एचआयव्हीचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी असतो. सीसीआर५ या जनुकाची मोडकी प्रत दोन्ही पालकांकडून मिळालेल्यांना एचआयव्हीची बाधा सहसा होत नाही, आणि याच निरीक्षणातून मॅराव्हिरॉक हे औषध जन्मले. पण वेस्ट नाइल विषाणूची लागण झाली तर हीच माणसे अधिक आजारी पडतात. टीवायके२ची एक मंद प्रत काही स्वयंप्रतिकारक आजारांपासून वाचवते, आणि तीच दोन्ही बाजूंनी मिळाली तर क्षयरोगाला दार उघडून देते. क्षयाने ग्रासलेल्या देशात टीवायके२च्या कुळावर काम करणारी औषधे देताना डॉक्टरला हे विसरून चालत नाही. जीवकाला औषध नसलेली वनस्पती सापडली नाही. तसे सर्व प्रसंगी निव्वळ दोषच असलेले जनुकही सहसा सापडत नाही.

दोन प्रश्न अजून सुटलेले नाहीत. पहिला सामान्य आणि विशेष यांचा. १४ टक्क्यांचे १२ टक्के झाले म्हणजे पन्नास रुग्णांमागे एक जीव वाचला. तो कोणाचा, हे चाचणीला सांगता येत नाही. वाचलेला माणूस स्वतःही सांगू शकत नाही, कारण गोळी न घेता तो वाचला असता की नाही हे कोणालाच पाहता येत नाही. ज्ञान समूहाचे असते, मरण एकेकाचे. जनुकसंच वाचून हे अंतर मिटेल आणि प्रत्येकाला त्याचे त्याचे औषध सांगता येईल अशी आशा मोठी आहे. पण आजवर जनुकांनी कोविडमध्ये दिलेली मदत वेगळ्या जातीची आहे: त्यांनी रोग्यांची निवड करून दिली नाही, लक्ष्याची करून दिली. २०२३ साली जेनॉमिकच्या पुढच्या विश्लेषणात २४,२०२ रुग्णांतून ४९ जागा पुढे आल्या. टीवायके२च्या सोबतीला बॅरिसिटिनिबचे खास लक्ष्य असलेले जॅक१ही त्यांत होते. तरी खाटेवरच्या माणसाला ही गोळी द्यायची की नाही, हे आजही त्याला ऑक्सिजन किती लागतो यावरून ठरते.

दुसरा प्रश्न न्यायाचा. जगातला जनुकीय विदासाठा प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. निअँडर्थल पट्टा जिथे सर्वाधिक आहे त्या दक्षिण आशियातल्या रुग्णांची संख्या मूळ अभ्यासांत थोडी होती. सीएसआयआरच्या ‘इंडिजेन’ प्रकल्पाने १,०२९ भारतीयांचे जनुकसंच वाचले. ‘जिनोमइंडिया’चा दहा हजार जनुकसंचांचा विदासाठा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. लग्ने जातीतल्या जातीत होत आलेल्या समाजात काही बदल एकेका गटात साचून राहतात. अशा गटांत साक्ष देणारी जनुके युरोपीय यादीत असतीलच असे नाही. आणि साक्ष मिळाली, चाचणी झाली, तरी गोळी हाती पडणे उरतेच. बॅरिसिटिनिबवर पेटंट होते. मे २०२१ मध्ये, रुग्णालयांत खाटा मिळत नसताना, एलाय लिली कंपनीने सिप्ला, सन फार्मा, ल्युपिन यांसारख्या भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे ऐच्छिक परवाने दिले. त्याआधी हैदराबादच्या नॅटकोने सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. रिकव्हरीचा निकाल यायला तेव्हा आणखी दहा महिने होते.